लहानीची चिठ्ठी

आईने तिच्या धाकट्या बहिणीचं नाव मला एकदा सांगितलं होतं. मी ते लिहून घेतलं नाही.

दोन हजार एक सालचा मार्च होता. मी मेहकर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक होतो. आजही आहे, मधल्या काळात शाळा तेवढ्या बदलल्या. जनगणनेचं काम शिक्षकांच्या वाट्याला येतं तसं माझ्याही आलं होतं. आम्ही राहायचो त्या मेहकरातलीच एक वस्ती मला मिळाली होती. फेब्रुवारीभर शाळा सुटली की मी पिशवी खांद्याला लावून घरोघर जायचो. बाया नवऱ्याचं नाव घ्यायला लाजायच्या. म्हातारे आपलं वय दुष्काळावरून आणि पुरावरून काढायचे. लहान लेकरांना तर कितीतरी घरांत नावच नसायचं. नुसतं छोटी, बारकी, बबी. मी म्हणायचो, असं चालत नाही, कागदावर लिहायचं नाव सांगा. मग आईबाप एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे.

महिना संपला. एक मार्चला सकाळी मी परत पिशवी घेतली तेव्हा आई चुलीपाशी भाकरी थापत होती. गॅस आला होता, पण भाकरीला ती चूलच पेटवायची.

"झाली ना तुही मोजनी? आता कुठी चाल्ला?"

"अजून एक फेरी हाय माय. फेब्रुवारी संपायच्या आत कोनी मेलं असन तर त्याचं नाव खोडा लागते. कोनाच्या घरी लेकरू झालं असन तर वाढवा लागते."

तिचा हात परातीतच थांबला.

"आताही खोडतात?"

"मंग? मरेल मानूस कसा मोजनार?"

तिने तव्यावरची भाकरी उलटली, ती थोडी करपली होती, आणि मग माझ्याकडे न बघता तिने मला जे सांगितलं ते तोपर्यंत आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. तिला एक धाकटी बहीण होती, हेसुद्धा.

गोष्ट एकावन्न सालची, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या शिरगणतीची. आईचं माहेर जानेफळच्या पलीकडे. आई तेव्हा सात-आठ वर्षांची असेल, बहीण चार वर्षांची. घरात आईला मोठी म्हणत आणि तिला लहानी. आमच्या लोकांनी अजून धम्म घेतला नव्हता, त्याला पाच-सहा वर्षं अवकाश होता. वस्ती गावापासून बाजूला, आणि मोजणीला आलेले गावातले गुरुजी वस्तीच्या आत येणारे नव्हते. वस्तीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली एक बाज टाकली. गुरुजींनी त्यावर घरून आणलेली सतरंजी अंथरली आणि बसले. कोतवाल आमच्यातलाच. तो एकेका घराला हाक मारायचा, घरातली माणसं येऊन चार हात लांब उभी राहायची, आणि गुरुजी विचारून लिहायचे. त्या वेळी एका माणसाची एक चिठ्ठी असायची. छापलेली, लहानशी. एक माणूस, एक चिठ्ठी.

आजोबा दोन्ही पोरींना घेऊन उभे राहिले. मोठीचं नाव सांगून झालं. धाकटीचं विचारलं तेव्हा आजोबा म्हणाले, "लहानी."

गुरुजी म्हणाले, "लहानी काय नाव झालं? सरकारचा कागद आहे. नीट सांग."

आजोबा जरा वेळ कडुनिंबाकडे बघत राहिले. मग त्यांनी एक नाव सांगितलं. आईने ते तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. बारशाला ठेवलेलं होतं की तिथं उभ्या उभ्या सुचलं, कोण जाणे. पण नाव चांगलं होतं. लहानीला ते इतकं आवडलं की घरी येईपर्यंत ती स्वतःलाच त्या नावाने हाका मारत आली. हाक मारायची आणि स्वतःच "ओ" द्यायची.

आठ-दहा दिवसांनी तिला ताप भरला. जानेफळहून औषध आणलं, ते पोटात राहिलं नाही. महिना संपायला दोन दिवस उरले असताना ती गेली.

आणि मार्च लागल्यावर गुरुजी परत आले. तीच बाज, तीच सतरंजी. कोतवालाने कोणाकडे काय झालं ते सांगितलं. गुरुजींनी गठ्ठ्यातून लहानीची चिठ्ठी काढली आणि तिच्यावर एक आडवी आणि एक उभी रेघ मारली. आजोबांना वाचता येत नव्हतं, पण फुली कळत होती. ते म्हणाले, "गुरुजी, राहू द्या ना नाव. दोन दिवसाचाच तं फरक हाय."

गुरुजी वाईट माणूस नव्हता, असं आई म्हणाली. त्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सांगितलं, "माझ्या हातात नाही रे. पहिल्या मार्चचा सूर्य ज्याने पाहिला, त्यालाच मोजायचं, असा हुकूम आहे." मग त्याने ती चिठ्ठी गठ्ठ्याच्या एकदम खाली सरकवून दिली.

एवढं सांगून आईने मला ते नाव सांगितलं. "चांगलं होतं ना?" तिने विचारलं.

"चांगलं होतं," मी म्हणालो. भाकरी खाल्ली, पिशवी घेतली आणि निघालो. त्या दिवशी मी दोन नावं खोडली आणि एक वाढवलं. माझ्या खिशाला पेन होतं, पिशवीत कोरे कागद होते. तिची गोष्ट मला लागली नाही असं नाही. पण नाव आईजवळ आहे म्हणजे आहेच, असं वाटलं. संध्याकाळी घरी आलो तेव्हा ते माझ्या डोक्यातून गेलं होतं, आणि परत विचारायचं राहून गेलं.

दहा वर्षांनी मी पुन्हा प्रगणक झालो. त्या वेळी आई त्या विषयावर काही बोलली नाही, मीही काढला नाही. त्यानंतरची जनगणना व्हायच्या वेळी झाली नाही. पुढे ढकलली, पुन्हा ढकलली.

तीन वर्षांपूर्वी आई न्हाणीत पडली. खुब्याचं हाड जोडलं, पण ती बाजेवरच राहिली, आणि पडून पडून तिच्या आठवणी एकेक करून जायला लागल्या. आधी कालचं गेलं, मग नातवांची नावं एकमेकांत मिसळली. एका दुपारी मी तिला भात भरवत होतो.

"लहानीचं नाव काय होतं रे?" तिने विचारलं.

"तुलेच माहीत माय. तूच तं सांगतलं होतं मले."

"तेच म्हनून राह्यली. तुले सांगतलं ना म्या. मले आता सापडत नाई. तू सांग."

त्या नावाचं पहिलं अक्षरसुद्धा मला आठवेना.

"तू तं मास्तर," ती म्हणाली. "तुह्यं तं कामच लिहायचं."

त्यानंतर ती रोज विचारायला लागली. कधी सकाळी, कधी अंग पुसताना. मी दुसरं काही बोलायला लागलो की ती माझ्या मनगटाला धरायची. माझी बायको म्हणायची, त्यांना बाकी सगळं विसरू देता येतं, हे एवढंच कसं धरून ठेवलं? मग एक दिवस आई स्वतःच म्हणाली, "सरकारात असन. त्या मास्तरनं फुली मारली, चिठ्ठी तं फाडली नोती. जाऊन पाह्य."

मी निघालो. मला ठाऊक होतं की असे कागद सापडत नसतात. पण रोज मनगट धरून विचारणाऱ्या माणसासमोर बसण्यापेक्षा कचेरीत बसणं सोपं होतं.

पहिल्यांदा कोतवाल बुक पाहिलं. आमच्या वऱ्हाडात जन्म आणि मरण पूर्वी कोतवालाच्या सांगण्यावरून वहीत चढायचं. त्या वह्या अजून आहेत, आणि जातीच्या दाखल्यासाठी लोक त्यांच्या नकला काढायला येतात. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "कोनाच्या जातीसाठी पाह्यजे?"

"जातीसाठी नाई. नावासाठी."

"कोनाच्या?"

"मावशीच्या."

"जित्ती हाय?"

"नाई. एकावन्न सालीच गेली."

"मंग आता नाव काऊन पाह्यजे?"

अर्जावर कारणाचा रकाना होता. मी 'वैयक्तिक' असं लिहिलं. त्याने ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तो माणूस चांगला म्हणून, दोन तास धुळीत बसून त्याने ती वही शोधली. पानं तपकिरी झाली होती, कडा हाताला लागताच भुगा होत होत्या. गाव सापडलं, महिना सापडला. आजोबांचं नाव होतं. त्याच्यापुढे लिहिलं होतं 'मुलगी', वय चार वर्षे, ताप. बस. ज्याने लिहिलं त्याला पोरीचं नाव विचारायची गरज वाटली नसेल, किंवा कोतवालाने 'अमक्याची लहानी गेली' एवढंच सांगितलं असेल. मी त्या ओळीवर बोट ठेवलं. ती होती, हे कळलं. तिचं नाव काय होतं, ते तसंच राहिलं. मी नक्कल घेतली आणि घडी करून खिशात ठेवली.

मग कोणी तरी सांगितलं म्हणून मेहकरातच जुन्या देवळाच्या बाजूच्या गल्लीत राहणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थाकडे गेलो. ते कधीकाळी सरकारी अभिलेख कक्षात कामाला होते आणि त्यांचे वडील इंग्रजांच्या वेळी पटवारी होते. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः पलंगावर मांडी घातली आणि खूश होऊन बोलायला लागले. एवढ्या वर्षांत त्यांना हे कोणी विचारलंच नव्हतं.

"तुम्ही जिले जनगणना म्हनता तिले माहे वडील मर्दुमशुमारी म्हनत. त्या वक्ती एका रात्रीत साऱ्या मुलखाची मोजनी व्हायची. आधी घरावर गेरूनं नंबर टाकायचे. लोकं ते नंबर पुसून टाकत. म्हनत, आज मानसं मोजून राह्यला, उद्या कर लावन, नाईतर पोरं पलटनीत नेईन. वऱ्हाडात तं साऱ्या देशाच्या आधी मोजनी झाली, गुरुजी. इंग्रजाले पाह्यजे होतं ना, इथी कपाशी कोन पिकवतो, अन् किती लोकं हायेत."

मी एकावन्न सालच्या चिठ्ठ्यांचं विचारलं.

"त्या नागपूरले गेल्या. तवा आपन मध्य प्रदेशात होतो. तठी लाकडी कप्पे केले होते. बाया या कप्प्यात, मानसं त्या कप्प्यात. शेतीवाला इकडे, मजूर तिकडे. गठ्ठे मोजायचे अन् आकडा मांडायचा. मोजून झालं का परत एकत्र करायचे, अन् दुसऱ्या हिशोबानं वाटायचे. माह्या वडिलांच्या वळखीचा एक जन तठी होता. तो म्हने, बोटं काळी होत."

"मग त्या चिठ्ठ्यांचं काय झालं?"

"आकडा निघाला का चिठ्ठीचं काम संपलं. रद्दी."

"आणि खोडलेल्या चिठ्ठ्या?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतका वेळ ते हात हलवून बोलत होते, ते हात त्यांनी मांडीवर ठेवले.

"खोडेल चिठ्ठी नागपूरलेही गेली नसन, गुरुजी. कायले पाठवतीन?"

मी उठायला लागलो तसं त्यांना काही आठवलं. त्या मोजणीत चिठ्ठ्यांवरून प्रत्येक गावाची एक वहीही उतरवली होती, घरोघरच्या माणसांची नावं ओळीने. खोडायच्या आधीच उतरवलं असेल तर नाव असेल. वही कुठे असेल, ते मात्र त्यांना सांगता येईना. त्यानंतर राज्य दोनदा बदललं, आमचा जिल्हा एका राजधानीकडून दुसऱ्या राजधानीकडे गेला, आणि कागदांचे बस्ते कोणत्या गाडीत गेले आणि कोणत्या गाडीतून पडले, हे कोण सांगणार?

मी वरच्या कार्यालयांना पत्रं लिहिली. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. शेवटी काही महिन्यांनी एक उत्तर आलं, सभ्य भाषेत. व्यक्तिगत नोंदी जतन केलेल्या नाहीत. आणि जतन केलेल्या असत्या तरी जनगणनेत दिलेली माहिती गोपनीय असते, ती कोणालाही देता येत नाही. हे वाक्य मला पाठ होतं. दोन्ही वेळेला घरोघर मी तेच सांगत फिरलो होतो.

शेवटी एका सुट्टीत बुलढाण्याला जाऊन ग्रंथालयात जुनं छापील पुस्तक पाहिलं. त्यात जिल्ह्यातलं प्रत्येक गाव होतं. आईच्या गावाची एक ओळ. घरं इतकी, पुरुष इतके, स्त्रिया इतक्या. त्या स्त्रियांच्या आकड्यात माझी आई होती, आजी होती. मावशी नव्हती. पुस्तक बरोबर होतं, काही चुकलेलं नव्हतं. मी ते मिटलं आणि मेहकरच्या गाडीत बसलो.

घरी आलो तेव्हा आई ओसरीत उशीला टेकून बसली होती. मी चपलाही काढल्या नव्हत्या.

"सापडलं?"

खिशात कोतवाल बुकाची नक्कल होती. ती दाखवायची आणि 'मुलगी' एवढंच लिहिलंय म्हणून सांगायचं, असं मी वाटेभर ठरवत आलो होतो. सकाळीच बायको म्हणाली होती, "सांगून टाका ना एखादं नाव. त्यायले कुठी समजते आता?" मी तिच्यावर चिडलो होतो.

"हाव," मी म्हणालो. "सापडलं."

"काय लिहेल हाय?"

माझ्या वर्गाच्या हजेरीतली नावं मला पाठ आहेत. त्यातलं एक, जुन्या वळणाचं, आजीचं ठेवलेलं असावं असं, माझ्या तोंडातून बाहेर पडलं.

आईने ते दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदाही म्हटलं. "हाव," ती म्हणाली. "हेच. हेच होतं." मग ती रडली. तिला इतकं मोकळं रडताना मी वडील गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. ती मला जवळ बोलवून माझ्या तोंडावरून हात फिरवत होती, आणि मी उकिडवा बसून तो फिरवू देत होतो.

तिने ते नाव मला कागदावर लिहून मागितलं. तिला वाचता येत नाही. मी फळ्यावर लिहितो तसं ठळक, चांगल्या अक्षरात लिहिलं. तो कागद ती उशीखाली ठेवायला लागली. शेजारच्या बाया आल्या की काढून दाखवायची, "सरकारात सापडलं माह्या बहिनीचं नाव." पुढच्या पौर्णिमेला घरात वंदना झाली तेव्हा तिने एक जास्तीची मेणबत्ती लावायला सांगितली आणि ते नाव घेतलं. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले.

मनगट धरणं थांबलं. घरात जरा बरं वाटायला लागलं होतं. चार महिने असे गेले.

मग आईची चुलत बहीण, माझी चुलत मावशी, आली. तिला वडनेर भोलजीला दिलेली. आईपेक्षा दोनेक वर्षांनी मोठी, पण अजून काठी न घेता चालणारी. मेहकरात कोणाचं लग्न होतं, तेवढ्यात आईला भेटून जावं म्हणून लेकाने तिला आमच्याकडे सोडलं. आईने तिला ओळखलं, ही मोठी गोष्ट होती. दोघी हातात हात घेऊन बसल्या. मी आत चहा गाळत होतो. आई सांगत होती की नाव सापडलं, आणि तिने ते नाव सांगितलं.

"कोनाचं नाव व हे?" मावशीने विचारलं.

"लहानीचं."

"नाई वो मोठे. हे नोतं. लहानीचं तं..." आणि तिने एक नाव घेतलं.

मी कप हातात घेऊन दारात उभा होतो. ते नाव कानावर पडलं आणि दोन हजार एक सालची ती सकाळ जशीच्या तशी माझ्यासमोर आली. परात, करपलेली भाकरी, आईचा पीठ लागलेला हात, आणि तिच्या तोंडून निघालेला तो तीन अक्षरांचा शब्द. हेच. मावशी सांगत होती, ती स्वतःही त्या दिवशी कडुनिंबाखाली होती. लहानी स्वतःला हाका मारत वस्तीभर फिरली, सगळ्या पोरी तिला चिडवत होत्या.

आईने उशीखालून कागद काढला. "हे पाह्य. सरकारी हाय. सरकारातलं खोटं असन काय?"

मावशीने कागद हातात घेतला. तिलाही वाचता येत नव्हतं. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"तू सोताच्या डोयानं पाह्यलं काय बापा?"

आई माझ्याकडे बघत होती. चार महिन्यांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर ती जुनी भीती दिसली, हातात आलेलं पुन्हा निसटतं की काय, अशी.

"हाव मावशी," मी म्हणालो.

मावशीने कागदाची घडी केली आणि आईच्या हातात दिली. "मंग माहंच चुकलं असन," ती म्हणाली. "लय वरसं झाली." तिने चहा घेतला, आणि लेक आला तशी ती गेली.

त्याच संध्याकाळी मी तिने सांगितलेलं नाव वहीत लिहून ठेवलं. ते इथे देत नाही. एकदा मी भलतंच लिहून बसलो आहे. आणि आठ दिवसांनी खात्री करून घ्यावी म्हणून मावशीला फोन केला, तर ती म्हणाली, "तुह्या कागदात हाय तेच खरं बापा. म्या सांगतलं ते माह्या ननंदेच्या पोरीचं असन. मले आता सारं एकात एक दिसते." मी म्हणालो, मावशी, मलाही आठवलं, आईने मला तेच सांगितलं होतं. "तुले कुठी आठवते," ती म्हणाली, "तुले आठवलं असतं तं सरकारात कायले गेला असता?" मी फोन ठेवला. आणि तेव्हापासून माझाही भरवसा राहिलेला नाही. ते नाव मी खरंच ओळखलं, की ओळखावंसं वाटलं म्हणून ओळखलं?

यंदा शाळेत जनगणनेच्या प्रशिक्षणाचं पत्र आलं. या वेळी सगळं मोबाईलवर करायचं आहे. ते पत्र वाचून घरी आलो आणि आईला खरं सांगायचं ठरवलं. कुठल्या चांगुलपणाने नाही. मला एकट्याला ते बाळगणं होत नव्हतं.

सकाळची वेळ होती. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. दाणे कमी निघायचे, पण हाताला काम. मी तिच्याजवळ बसून सांगितलं की सरकारात काही सापडलं नव्हतं. चिठ्ठ्या रद्दीत गेल्या. नाव मी माझ्या मनाने सांगितलं.

मला वाटलं होतं तिला कळणार नाही. पण त्या दिवशी तिला कळलं. तिने शेंग खाली ठेवली.

"मंग हे नाव कोनाचं?"

"माह्या शाळेतल्या एका पोरीचं."

"जित्ती हाय ते पोरगी?"

"हाव. चौथीत हाय."

"मंग मेलेल्या लेकराले तिचं नाव काऊन देल्लं?"

तिने उशीखाली हात घातला, कागद काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. मग मी तिला मावशीने सांगितलेलं नाव सांगितलं. सावकाश, कानाजवळ जाऊन, दोनदा सांगितलं. म्हणालो, हेच तू मला चुलीपाशी सांगितलं होतंस, हेच तुझ्या बापाने गुरुजींना सांगितलं होतं.

तिने ऐकून घेतलं.

"अन् हे कोनत्या पोरीचं?" तिने विचारलं, आणि पुन्हा शेंग उचलली.